तापमान आणि रासायनिक अभिक्रियांचा वेग : निघोजे-चाकण-पिंपरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : अभिक्रियेचा वेग, सक्रियण ऊर्जा, आऱ्हेनियस समीकरण, रंगलेपाची भाजणी, पेनिसिलिन, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, बेलगाम अभिक्रिया

प्रस्तावना

इंद्रायणीच्या उत्तरेस, देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांच्या दरम्यानच्या पट्ट्यात खेड तालुक्यातील निघोजे हे गाव वसलेले आहे. एके काळी हा सारा टापू शेतीचा होता. निघोजे, म्हाळुंगे व खराबवाडी या गावांच्या परिसरात २००९ साली फोक्सवॅगनचा आणि त्यापाठोपाठ २०१० साली निघोजे येथेच महिंद्रचा वाहननिर्मिती प्रकल्प सुरू झाला. त्यांच्यामागून सुटे भाग, रंग, रबर, प्लास्टिक यांचे लहानमोठे शेकडो कारखाने आले. दक्षिणेकडील पिंपरी-चिंचवडचे औद्योगिकीकरण याहून बरेच जुने आहे. आज या पट्ट्यातील हजारो तरुण भट्टी, टाकी, शीतयंत्र व बाष्पक यांच्या सान्निध्यात दिवसाचे आठ-बारा तास काढतात. तापमापकावरील आकडा नोंदवहीत लिहिणे हा त्यांच्या कामाचा भाग असतो. तो आकडा अमुक इतकाच का असावा, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते.

शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत या विषयाचे एक सुटसुटीत सूत्र असते : तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. हे सूत्र लक्षात ठेवण्यास सोपे असले तरी ते अपुरे आहे, आणि कारखान्यात त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काही प्रक्रियांचा वेग १० अंशांत दीडपटच होतो, तर काहींचा शेकडो पटींनी वाढतो. प्रत्येक अभिक्रियेची तापमानाविषयीची संवेदनशीलता वेगळी असते व या वेगळेपणाचाच उपयोग करून घेऊन उद्योग चालतात. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन निघोजे व परिसरातील उदाहरणांच्या आधारे केले आहे.

साखरेपासून सुरुवात

या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ साखरेपासून झाला, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांना रुचेल. उसाची साखर आम्लयुक्त पाण्यात ठेवली असता तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करांत विघटन होते. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने या विघटनाचा वेग प्रथम मोजला. पुढे १८८४ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी तापमान व वेग यांचा गणिती संबंध सुचविला. १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनी त्याच शर्करा-विघटनाच्या आधारे त्या संबंधाचा अर्थ स्पष्ट केला. व्हान्ट हॉफ यांना १९०१ सालचे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, तर आऱ्हेनियस यांना ते १९०३ साली मिळाले.

आपल्या साखर कारखान्यांत हीच अभिक्रिया नको असते, कारण विघटन पावलेली साखर स्फटिकरूपाने हाती लागत नाही. म्हणून रसात चुना घालून त्याची आम्लता घालवली जाते आणि शेवटची उकळ निर्वात पात्रात, उकळणबिंदू खाली आणून दिली जाते. युरोपातील प्रयोगशाळेत जिचा अभ्यास कुतूहलापोटी झाला, ती अभिक्रिया रोखण्यासाठी प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंत दर गळीत हंगामात खटाटोप चालतो.

रेणूंच्या पातळीवर काय घडते ?

दोन रेणूंची अभिक्रिया होण्यासाठी प्रथम त्यांची टक्कर व्हावी लागते. तापमान वाढले की रेणू अधिक वेगाने फिरतात, टकरा वाढतात, म्हणून अभिक्रिया जलद होते, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते चुकीचे नसले तरी त्यात मर्म निसटते. रेणूंचा सरासरी वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन आणि ३७ अंश म्हणजे ३१० केल्विन. या दोहोंच्या गुणोत्तराचे वर्गमूळ काढले तर वाढ जेमतेम पावणेदोन टक्के भरते. प्रत्यक्षात मात्र अनेक अभिक्रियांचा वेग तेवढ्याच तापमानवाढीत शंभर टक्क्यांनी वाढतो. हा फरक टकरांच्या संख्येतून येत नाही.

बहुसंख्य टकरा निष्फळ असतात. जुने रासायनिक बंध सैल होऊन नवे जुळण्यासाठी एका किमान ऊर्जेची आवश्यकता असते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. कोकणातून देशावर यायचे तर घाट चढावाच लागतो. देशावरचे गाव कितीही जवळ असले तरी खिंडीपर्यंत चढण्याची ताकद नसलेला प्रवासी खालीच राहतो. रेणूंच्या समूहात सर्वांची ऊर्जा सारखी नसते. बहुतेकांजवळ ती सरासरीच्या आसपास असते, थोड्यांजवळ बरीच जास्त व अगदी मोजक्यांजवळ खिंड ओलांडण्याइतकी असते. अभिक्रिया घडते ती या मोजक्यांमुळे.

हे किती मोजके असतात, ते आकड्यांत पाहू. एखाद्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलमागे ५० किलोज्यूल आहे असे धरल्यास, २७ अंशांना पुरेशी ऊर्जा असलेल्या टकरांचे प्रमाण १ अब्ज टकरांमागे सुमारे २ इतके येते. ३७ अंशांना ते जवळपास ४ होते. सरासरी जवळजवळ होती तेथेच राहते, परंतु अत्युच्च ऊर्जा असलेल्यांची संख्या दुप्पट होते. आऱ्हेनियस समीकरण हेच सांगते :

वेगस्थिरांकाचा नैसर्गिक लॉगरिथम = एक स्थिरांक − [ सक्रियण ऊर्जा ÷ (वायुस्थिरांक × निरपेक्ष तापमान) ]

येथे तापमान छेदात असून डाव्या बाजूस लॉगरिथम आहे. त्यामुळे तापमानातील किरकोळ बदलाचा परिणाम वेगावर घातांकी स्वरूपात होतो. तसेच सक्रियण ऊर्जा जितकी मोठी, तितकी अभिक्रिया तापमानाला अधिक संवेदनशील. वरील उदाहरणात ती ५० ऐवजी २५ किलोज्यूल धरली तर १० अंशांत वेग १.४ पटच होतो. १०० धरली तर तो ३.६ पट होतो. ‘दुप्पट’ हे सूत्र केवळ मधल्या, ५० किलोज्यूलच्या आसपासच्या अभिक्रियांना लागू पडते.

वाहनाच्या रंगाची भाजणी

वाहननिर्मिती प्रकल्पातील रंगविभाग हे या समीकरणाचे सर्वांत मोठे व सर्वांत खर्चिक प्रात्यक्षिक म्हणता येईल. पत्र्याचा सांगाडा प्रथम गंजरोधक लेपाच्या टाकीत बुडविला जातो. विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्यावर पातळ थर बसतो आणि मग सांगाडा लांबलचक भट्टीतून जातो. जगभरच्या रूढ पद्धतीत या लेपाची भाजणी सुमारे १६० ते १८० अंशांना २० मिनिटांच्या आसपास होते.

येथे रसायनतज्ज्ञापुढे एक विचित्र पेच असतो. टाकीतील लेप महिनोन्महिने तसाच राहिला पाहिजे. त्यातील घटक एकमेकांशी जुळू लागले तर हजारो लिटर द्रव वाया जाईल. परंतु भट्टीत शिरल्यावर मात्र त्याच घटकांनी २० मिनिटांत घट्ट जाळे विणले पाहिजे. एकच मिश्रण टाकीत निद्रिस्त आणि भट्टीत जागृत कसे असावे ? त्यासाठी मोठ्या सक्रियण ऊर्जेची अभिक्रिया निवडली जाते. लेपातील आयसोसायनेट गट दुसऱ्या एका रेणूने ‘झाकून’ ठेवलेले असतात आणि ते झाकण उच्च तापमानालाच निघते.

समजा, या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलमागे १०० किलोज्यूल आहे. हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. ३० अंश व १७० अंश या दोन तापमानांना तिच्या वेगांचे गुणोत्तर काढल्यास ते सुमारे २ लाख ८० हजार येते. म्हणजेच भट्टीत २० मिनिटांत जितकी अभिक्रिया होते, तितकी टाकीत होण्यास १० वर्षांहून अधिक काळ लागेल. ‘१० अंशांना दुप्पट’ या सूत्राने हिशेब केला असता १४० अंशांच्या फरकासाठी गुणोत्तर १६ हजारांच्या आसपास आले असते आणि लेप साताठ महिन्यांतच बिघडेल असा निष्कर्ष निघाला असता. सूत्र सोपे असले तरी त्याने येथे चूक किती मोठी होते, हे यावरून दिसते.

याच हिशेबाची दुसरी बाजू रंगविभागातील कामगारांच्या परिचयाची आहे. भट्टी १७० ऐवजी १६० अंशांना राहिली तर वेग जवळपास निम्मा होतो. २० मिनिटांचे काम ३७ मिनिटांचे होते. साखळी मात्र ठरलेल्या गतीने पुढे सरकतच असते आणि कच्चा लेप बाहेर पडतो. तो वरून पाहता चकचकीतच दिसतो. त्याचा कच्चेपणा दोन-तीन पावसाळ्यांनंतर दाराच्या कडेला गंजाच्या रूपाने प्रकट होतो. शिवाय भट्टीतील हवेचे तापमान आणि पत्र्याचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छताचा पातळ पत्रा लवकर तापतो, खालच्या बाजूचा जाड, दुपदरी भाग उशिरा तापतो. म्हणून २० मिनिटे मोजायची ती पत्रा तापल्यापासून. उलटपक्षी, साखळी मध्येच थांबून सांगाडे भट्टीत अडकले तर एरवी नगण्य असलेल्या विघटनाच्या अभिक्रियांना वेळ मिळतो व लेप पिवळट, ठिसूळ होतो.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीला ओरखडा उठला की ती गॅरेजमध्ये जाते. आता ती १७० अंशांना तापविणे शक्य नसते, कारण आत आसने, तारा, प्लास्टिकचे भाग आहेत. साहजिकच तेथे रसायन बदलले जाते. रंग व हार्डनर वेगवेगळ्या डब्यांतून येतात आणि आयसोसायनेटला झाकण नसते. अशी अभिक्रिया ६० अंशांच्या उबेत अर्ध्या-पाऊण तासात आणि साध्या हवेत रात्रभरात आटोपते. त्याची किंमत अशी की मिसळलेला रंग काही तासांत वापरून संपवावाच लागतो.

ऋतुमानाचा परिणामही येथे ठळकपणे जाणवतो. या परिसरात डिसेंबरच्या पहाटे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांपर्यंत चढते. ५० किलोज्यूलच्या अभिक्रियेसाठी या दोन टोकांमधील वेगाचा फरक जवळजवळ सातपट भरतो. अनुभवी कारागीर उन्हाळ्यात पुट्टीत हार्डनर बेताने घालतो, थंडीत थोडा वाढवतो. त्याने आऱ्हेनियसचे नाव ऐकलेले नसते, पण समीकरण त्याच्या बोटांत असते. मर्यादा मात्र दोन्हीकडे आहे : हार्डनर प्रमाणाबाहेर वाढविल्यास पुट्टी लवकर बसते खरी, पण वरच्या रंगात डाग उमटतात.

पिंपरीचे पेनिसिलिन

रंगाच्या भट्टीत अभिक्रिया घडवून आणण्यासाठी तापमान वाढविले जाते. याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपरीत, अभिक्रिया घडू नये म्हणून ते खाली आणावे लागत असे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये पिंपरी येथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पिंपरीच्या औद्योगिक इतिहासातील हा पहिल्या मोठ्या टप्प्यांपैकी एक होय.

पेनिसिलिन तयार करणारी बुरशी २५ अंशांच्या आसपास वाढविली जाते. ते तापमान सजीवाच्या सोयीचे असते. खरी परीक्षा पुढे असते. किण्वद्रवात पेनिसिलिन अत्यल्प प्रमाणात असते आणि ते वेगळे करण्यासाठी सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यावे लागते. द्रावकात ते तेव्हाच उतरते, जेव्हा द्रव चांगलाच आम्लधर्मी, म्हणजे सामू २ ते २.५ इतका केला जातो. दुर्दैवाने आम्लात पेनिसिलिनचा रेणू झपाट्याने मोडतो. सामू २ असताना २४ अंशांना निम्मे पेनिसिलिन सुमारे २० मिनिटांतच नष्ट होते. तेच द्रावण ० अंशांजवळ ठेवले तर निम्मे होण्यास ४ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. यावरून सक्रियण ऊर्जा काढल्यास ती मोलमागे ७० ते ७५ किलोज्यूल भरते.

२० मिनिटे आणि ४ तास यांतील फरकावर सारा व्यवहार उभा राहतो. म्हणूनच किण्वद्रव प्रथम थंड करून मग आम्ल मिसळणे, जलद फिरणाऱ्या केंद्रोत्सारी यंत्रांत द्रावकाशी क्षणमात्र संपर्क घडविणे आणि लगेच पेनिसिलिन उदासीन पाण्यात परत घेणे, अशी पद्धत जगभर रूढ झाली. येथे एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. पेनिसिलिन पाण्यातून द्रावकात जाणे ही भौतिक वाटणी आहे. तिच्यावर थंडीचा परिणाम तुलनेने थोडा होतो. विघटन ही रासायनिक अभिक्रिया असल्याने ती थंडीत तेरा-चौदा पटींनी मंदावते. हवी असलेली व नको असलेली अशा दोन घटनांची संवेदनशीलता भिन्न आहे, एवढ्याच आधारावर औषध हाती लागते. दोन्ही सारख्याच मंदावल्या असत्या तर द्रव थंड करण्याचा खर्च व्यर्थ गेला असता.

दूध, बटाटा आणि कांदा

दुधाच्या पाश्चरीकरणाचे दोन रूढ मानदंड आहेत : ६३ अंशांना ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद. ९ अंशांच्या वाढीत वेळ १२० पटींनी कमी होतो. हे दोन्ही मानदंड सुरक्षिततेची वाढीव मर्यादा धरून ठरविलेले असल्याने ते काटेकोरपणे समतुल्य नसतील, तरीही रोगजंतूंचा नाश १० अंशांत शेकडो पटींनी जलद होतो हे त्यांतून दिसते. जंतू मरतात ते त्यांच्या प्रथिनांची घडी विस्कटल्यामुळे आणि घडी विस्कटण्याची सक्रियण ऊर्जा फार मोठी असते. दुधाची चव, रंग व जीवनसत्त्वे बिघडविणाऱ्या अभिक्रियांची संवेदनशीलता याहून पुष्कळ कमी आहे. म्हणून अधिक तापवून थोडा वेळ ठेवलेल्या दुधात जंतू तितकेच मरतात आणि चव अधिक टिकते. घरोघरी दूध दीर्घकाळ उकळण्याची आपली सवय या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

चाकणची बाजारपेठ कारखान्यांच्या आधीपासून कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. बटाटा शीतगृहात ठेवतात तो त्याचा श्वसनवेग मंदावावा व कोंब फुटू नयेत म्हणून. परंतु २ ते ४ अंशांना ठेवलेला बटाटा काही आठवड्यांत गोडसर होतो. बटाट्यात स्टार्चपासून शर्करा बनणे आणि ती शर्करा श्वसनात खर्च होणे या क्रिया एकाच वेळी चालू असतात. थंडीत त्या सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत, शिवाय थंडीमुळे काही विकरे नव्याने कार्यान्वित होतात. परिणामी शर्करा साचते. असा बटाटा तळला की वेफर काळपट पडतो, कारण शर्करा व अमिनो आम्ले यांची अभिक्रिया तळणीच्या तापमानाला अतिशय जलद होते. म्हणून वेफरसाठीचा बटाटा ८ ते १२ अंशांच्या दरम्यान ठेवला जातो.

कांद्याची गोष्ट याहूनही निराळी. खेड तालुक्यातच, राजगुरुनगर येथे, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे आणि कांद्याची साठवण हा तेथील संशोधनाचा एक प्रमुख विषय आहे. कांद्याला कोंब फुटण्याचे प्रमाण १० ते २० अंशांच्या दरम्यान सर्वाधिक असते. ० ते २ अंशांना ते कमी असते आणि २५ ते ३० अंशांनाही कमीच असते. म्हणूनच शेतकऱ्याची हवेशीर कांदाचाळ शीतगृहाशिवायही काही महिने काम देते. तापमान वाढले म्हणजे प्रत्येक क्रिया जलद झालीच पाहिजे, हे सजीवांच्या बाबतीत खरे नाही. तेथे अनेक अभिक्रिया एकमेकींना आवर घालीत असतात व विकरेही ठरावीक तापमानापलीकडे निकामी होतात. आऱ्हेनियस समीकरण एकेका अभिक्रियेचे आहे. ते संपूर्ण कांद्याला लावण्याचा मोह टाळला पाहिजे.

इंद्रायणीचे पाणी

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील सांडपाण्याचा भार इंद्रायणीवर पडतो आणि आळंदीजवळ पाण्यावर तरंगणारा फेस वारकऱ्यांनी व वृत्तपत्र-वाचकांनी वारंवार पाहिला आहे. सांडपाण्याची तीव्रता मोजण्याचे एक माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजविताना जीवाणू किती ऑक्सिजन खर्च करतात, ते त्यावरून कळते. युरोप-अमेरिकेत ही चाचणी २० अंशांना ५ दिवस करतात, तर भारतीय मानकानुसार ती २७ अंशांना ३ दिवस केली जाते. आपल्या हवामानाला जवळचे तापमान घेतले की तेच काम लवकर उरकते. तापमान व वेग यांचा संबंध येथे मानकातच समाविष्ट झाला आहे. या कुजण्याचा वेग १० अंशांत साधारण १.६ पट होतो, म्हणजे ‘दुप्पट’ या सूत्राहूनही कमी.

तरीही उन्हाळ्यात नदीची स्थिती अधिक बिकट होते, कारण त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो ७.६ मिलिग्रॅमवर येतो. खर्च वाढतो, शिल्लक घटते. त्यातच नदीचा प्रवाह आटलेला असतो. मासे मरतात ते बहुधा अशाच दिवसांत.

उष्णता स्वतःच उष्णतेला जन्म देते तेव्हा

आतापर्यंतच्या उदाहरणांत तापमान बाहेरून ठरविले जात होते. परंतु पुष्कळ अभिक्रिया ऊष्मादायी असतात, म्हणजे घडताना स्वतःच उष्णता बाहेर टाकतात. उष्णतेने तापमान वाढते, तापमानाने वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता निर्माण होते. रेझिनच्या डब्यात हार्डनर घालून तो तसाच ठेवला तर डबा हाताला चटका देण्याइतका तापतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. तेच मिश्रण पातळ थरात पसरल्यास कोमटही होत नाही.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनॉव्ह यांनी १९२८ च्या सुमारास याचे गणित मांडले. पुढे १९५६ साली अभिक्रियांच्या यंत्रणेवरील कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांच्या विवेचनाचा गाभा सोपा आहे. टाकीच्या भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या सरळ प्रमाणात वाढते. आत निर्माण होणारी उष्णता मात्र घातांकी रीतीने वाढते. सरळ रेषा व वर वळत जाणारा वक्र यांची शर्यत असेल तर एका मर्यादेनंतर वक्रच पुढे जाणार. १०० किलोज्यूल सक्रियण ऊर्जेच्या अभिक्रियेसाठी, ५७ अंशांच्या आसपास, ही मर्यादा काढली तर टाकीतील मिश्रण थंड पाण्याच्या तापमानापेक्षा अवघे ९ अंश वर गेले की ती गाठली जाते. तापमापकावर ९ अंश म्हणजे काही विशेष नाही, असे वाटण्याचा संभव असतो. त्या ९ अंशांपलीकडे तेच थंड पाणी तापमानाला आवर घालू शकत नाही. यालाच बेलगाम अभिक्रिया म्हणतात.

आकारमानाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. प्रयोगशाळेतील १ लिटरच्या चंबूतून प्रक्रिया १००० लिटरच्या टाकीत नेली की आकारमान हजारपट होते, परंतु उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठफळ शंभरपटच वाढते. दर लिटरमागे मिळणारा थंडावा दहाव्या हिश्श्यावर येतो. लहान प्रमाणावर निर्धोक ठरलेली कृती मोठ्या टाकीत जशीच्या तशी करणे, हे लहान कारखान्यांतील अनेक अपघातांच्या मुळाशी असते.

भोपाळ येथील २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची दुर्घटना या संदर्भात टाळता येत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील मिथिल आयसोसायनेट ० अंशांजवळ थंड ठेवणे अपेक्षित होते. हा पदार्थ ३९ अंशांनाच उकळतो. तो थंड ठेवणारी शीतयंत्रणा त्या वर्षीच्या मध्यापासून बंद होती. टाकीत पाणी शिरले, ऊष्मादायी अभिक्रिया सुरू झाली आणि आतील तापमान २०० अंशांपलीकडे गेले असावे, असे नंतरच्या तपासांतून दिसून आले. सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला व हजारो माणसे प्राणास मुकली. द्रव थंड असता तर अभिक्रिया मुळीच झाली नसती असे नाही, पण ती मंद असती आणि उपाय करण्यास काही तास मिळाले असते. शीतयंत्रणेमुळे मिळतो तो वेळच. गॅरेजमधील हार्डनरही आयसोसायनेटच असतो. तो मिथिल आयसोसायनेटइतका बाष्पशील नसला तरी त्याचे तुषार श्वासावाटे जाणे दम्याला कारण ठरते, हे रंगकाम करणाऱ्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

बेलगाम अभिक्रियेच्या भीतीने टाकी प्रमाणाबाहेर थंड ठेवणे हाही सुरक्षित मार्ग नव्हे. ही बाब प्रथमदर्शनी विपरीत वाटेल, म्हणून तिचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. अनेक प्रक्रियांत एक अभिकारक टाकीत घेऊन दुसरा थेंबाथेंबाने सोडतात. तापमान योग्य असेल तर पडणारा प्रत्येक थेंब लगेच खर्ची पडतो आणि उष्णतेची निर्मिती नळाच्या तोटीवर अवलंबून राहते : तोटी बंद केली की उष्णताही थांबते. टाकी फार थंड असेल तर थेंब पडतात, पण अभिक्रिया होत नाही. तापमापक स्थिर राहतो, कामगार निश्चिंत होतो आणि तासाभरात टाकीत मोठा साठा न वापरता साचतो. मग पाळी बदलताना कोणीतरी तापमान कमी असल्याचे पाहून वाफ सोडतो, आणि साचलेले सारे एकदम पेटते. त्या वेळी तोटी बंद करून काही साधत नाही, कारण जे यायचे ते आधीच आत आलेले असते. यास्तव अशा टाकीवर कमाल तापमानाबरोबरच किमान तापमानाचीही खूण हवी आणि पारा त्या खुणेच्या खाली असताना तोटी उघडू नये. ढवळणी बंद पडली तर हाच प्रकार घडतो. वीज गेल्यावर ढवळणी थांबते, वरून पडलेला अभिकारक थर धरून राहतो. वीज परत येताच कळ दाबून ढवळणी सुरू करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तसे करण्यापूर्वी तोटी किती वेळ उघडी होती, हे नोंदवहीत पाहणे अगत्याचे असते.